डेल्टा कप्पा एप्सिलॉन : येल विद्यापीठातील एका बंधुसंघाचा इतिहास आणि वाद

अमेरिकेच्या पाच राष्ट्राध्यक्षांची नावे ज्या विद्यार्थी संघटनेच्या सदस्यपटावर आढळतात, त्या संघटनेला तिच्या जन्मस्थानीच, म्हणजे येल विद्यापीठाच्या आवारात, २०११ साली पाच वर्षांची बंदी घालण्यात आली. डेल्टा कप्पा एप्सिलॉन हे तिचे नाव. ग्रीक वर्णमालेतील तीन अक्षरांचे हे नाव 'डीकेई' असे आखूड केले जाते आणि तिचे सदस्य स्वतःला 'डीक' म्हणवतात. अमेरिकेतील उच्चभ्रू वर्गाची जडणघडण, विद्यार्थी जीवनातील हिंसाचार आणि स्त्रियांना विद्यापीठात मिळणारी वागणूक या तिन्ही प्रश्नांची चर्चा निघाली की या संघटनेचे नाव पुनःपुन्हा पुढे येते.

फ्रॅटर्निटी हा प्रकार भारतीय वाचकाला सहजी उमगणारा नाही. आपल्या महाविद्यालयांतील वाङ्मय मंडळ, जिमखाना किंवा राजकीय पक्षांशी संलग्न विद्यार्थी संघटना यांपैकी कशाशीही त्याचे साम्य नाही. या बंधुसंघाला जाहीर कार्यक्रम नसतो, राजकीय भूमिका नसते, अभ्यासविषयही नसतो. काही पुरुष विद्यार्थी आपल्याला आवडलेल्या इतर विद्यार्थ्यांना निवडतात, गुप्त विधी करून त्यांना सामील करून घेतात आणि पुढे आयुष्यभर परस्परांचे बंधू म्हणून राहतात, एवढेच त्याचे स्वरूप. बहुतेक संघांचे स्वतःचे घर असते. तेथे सदस्य राहतात, जेवतात आणि मेजवान्या करतात. विद्यार्थिनींच्या अशाच संघांना सोरॉरिटी म्हणतात. नावे ग्रीक अक्षरांची असल्यामुळे या साऱ्या विश्वाला तेथे 'ग्रीक जीवन' असे म्हटले जाते, जरी ग्रीस देशाशी त्याचा काडीचाही संबंध नसला तरी.

ग्रीक अक्षरांची प्रथा सुरू झाली ती १७७६ साली. व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात त्या वर्षी फाय बीटा कप्पा ही संस्था स्थापन झाली. ती मुख्यतः विद्वत्तेचा गौरव करणारी होती आणि १८३१ मध्ये तिच्या हार्वर्ड शाखेने गुप्ततेची शपथही सोडून दिली. निखळ स्नेहासाठी स्थापन झालेल्या संघांची परंपरा न्यूयॉर्क राज्यातील युनियन महाविद्यालयात १८२५ साली कप्पा अल्फा सोसायटीपासून सुरू झाली. त्या काळातील अमेरिकन महाविद्यालये धर्मसंस्थांच्या छायेत होती. सक्तीची प्रार्थना, पाठांतरावर भर आणि शिक्षकांचा कडक पहारा यांतून तरुणांना आपले असे एक दालन हवे होते आणि ते त्यांना या संघांच्या बंद दाराआड मिळाले.

पंधरा विद्यार्थी, एक खोली

कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील येल महाविद्यालयात त्या काळी प्रत्येक इयत्तेच्या स्वतंत्र गुप्त संस्था होत्या. तिसऱ्या वर्षासाठी अल्फा डेल्टा फाय आणि साय अप्सिलॉन अशा दोन. त्यांत प्रवेश मिळणे हा प्रतिष्ठेचा विषय होता, कारण पुढे चौथ्या वर्षी 'स्कल अँड बोन्स'सारख्या, १८३२ साली स्थापन झालेल्या आणि आजही गूढतेचे वलय असलेल्या संस्थेकडे जाणारी वाट तेथूनच जात असे. १८४४ च्या निवडीत एका मित्रमंडळातील काहींना प्रवेश मिळाला आणि काहींना नाकारला गेला. निवड झालेल्यांनी मित्रांना सोडून जाण्याचे नाकारले आणि २२ जून १८४४ रोजी ओल्ड साउथ हॉल या वसतिगृहाच्या एका खोलीत पंधरा जणांनी आपला नवा संघ स्थापन केला, असे संघटनेचा इतिहास सांगतो. नाकारल्या गेलेल्या मित्रांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या या मंडळींचा संघ पुढे इतरांना नाकारण्याच्या अधिकारावरच उभा राहिला, ही विसंगती मात्र त्या इतिहासात नमूद नसते.

सदस्य कसा असावा याविषयी संस्थापकांनी जे सूत्र ठरवले ते आजही उद्धृत केले जाते : सभ्य गृहस्थ, विद्वान आणि दिलखुलास सोबती हे तिन्ही गुण ज्याच्यात सारख्या प्रमाणात असतील तो उमेदवार सर्वांत श्रेष्ठ. तिन्ही गुणांचे प्रमाण सारखे राखणे अवघड होते आणि तिसऱ्याचे पारडे बहुधा जड राहिले, हे पुढील घटनांवरून दिसून येते.

संघाचा प्रसार वेगाने झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेन राज्यातील बोडन महाविद्यालयात दुसरी शाखा निघाली. १८४७ मध्ये अलाबामा विद्यापीठात शाखा स्थापन झाली आणि दक्षिणेकडील राज्यांतही संघाने पाय रोवले. ओहायोतील केन्यन महाविद्यालयाच्या शाखेने १८५४ साली लाकडी ओंडक्यांची एक झोपडी बांधली. फ्रॅटर्निटीने केवळ आपल्या वापरासाठी उभारलेली अमेरिकेतील ती पहिली वास्तू मानली जाते. आज मोठ्या विद्यापीठांभोवती जी खांबांची, ओसरीची, ग्रीक अक्षरे मिरवणारी प्रशस्त घरे दिसतात त्यांची पूर्वज हीच. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाने उत्तर आणि दक्षिणेतील शाखांची ताटातूट केली आणि एकाच संघाचे बंधू परस्परांविरुद्ध लढले. शतकाच्या अखेरीस, १८९८ मध्ये, टोरांटो येथे शाखा निघून संघटना कॅनडातही पोहोचली.

ध्रुवावरील ध्वज

डीकेईच्या सदस्यांच्या यादीत रदरफर्ड हेस, थिओडोर रूझवेल्ट, जेराल्ड फोर्ड, जॉर्ज बुश पिता आणि जॉर्ज बुश पुत्र हे पाच राष्ट्राध्यक्ष आहेत. यांपैकी हेस यांनी केन्यन महाविद्यालयातून पदवी घेतली ती १८४२ साली, म्हणजे संघाच्या जन्माआधी दोन वर्षे. त्यांचे सदस्यत्व मानद होते. रूझवेल्ट हार्वर्डमध्ये सदस्य झाले. मिशिगन विद्यापीठात फुटबॉल गाजवणारे फोर्ड बेताच्या परिस्थितीतील होते आणि शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी ते आपल्याच संघाच्या घरात भांडी धूत असत. दोन्ही बुश मात्र येलचे. पिता आणि पुत्र दोघांनीही तेथील शाखेचे अध्यक्षपद भूषवले आणि दोघेही पुढे 'स्कल अँड बोन्स'मध्ये गेले. उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल, संगीतकार कोल पोर्टर, वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हॅनॉ हीदेखील याच यादीतील नावे.

संघाच्या अभिमानाचा आणखी एक विषय म्हणजे त्याचा ध्वज. बोडनच्या शाखेचे सदस्य असलेले रॉबर्ट पिअरी यांनी ६ एप्रिल १९०९ रोजी आपण उत्तर ध्रुवावर पोहोचल्याचे जाहीर केले तेव्हा त्यांनी तेथे फडकावलेल्या पाच ध्वजांत एक डीकेईचा होता. पिअरी खरोखर ध्रुवबिंदूपर्यंत पोहोचले होते काय याविषयी आज अभ्यासकांना दाट शंका आहे. तथापि त्या प्रसंगाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात पिअरींचे कृष्णवर्णीय सहकारी मॅथ्यू हेन्सन मध्यभागी उभे आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना चार इन्यूट सोबती आहेत आणि डीकेईचा ध्वज त्यांपैकी ऊटा यांच्या हाती आहे. येल किंवा बोडन येथील संघाच्या घरात त्या काळी हेन्सन अथवा ऊटा यांना सदस्य म्हणून कोणी बोलावले नसते. १९६९ मध्ये अपोलो १२ यानातून चंद्रावर गेलेले ॲलन बीन हेही टेक्सास विद्यापीठातील डीक होते आणि त्यांनी संघाचा ध्वज आपल्याबरोबर नेला, असे संघटना अभिमानाने सांगते.

गोऱ्या, सधन, प्रॉटेस्टंट घराण्यांतील तरुणांच्या या संघांत इतरांना स्थान नव्हते. त्यामुळे इतरांनी आपापले संघ काढले. कॉर्नेल विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९०६ साली अल्फा फाय अल्फा स्थापन केला. हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली स्थापन झालेली अल्फा कप्पा अल्फा ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची सोरॉरिटी भारतीय वाचकांना वेगळ्या कारणाने परिचित झाली. चेन्नईच्या श्यामला गोपालन यांच्या कन्या आणि पुढे अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस तिच्या सदस्य आहेत. १९९० च्या दशकात भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांची संख्या वाढली तसे त्यांनीही हाच मार्ग धरला. बिंगहॅम्टन येथे १९९४ मध्ये आयोटा न्यू डेल्टा आणि टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील परिसरात १९९८ मध्ये डेल्टा एप्सिलॉन साय हे दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांनी स्थापन केलेले संघ आहेत. जुन्या संघांनी बाहेर ठेवलेल्यांनी त्यांचाच साचा, त्यांची ग्रीक अक्षरे आणि दीक्षाविधी जसेच्या तसे उचलले, ही या इतिहासातील लक्षणीय बाब होय. साच्याबरोबर त्याचे दोषही आले.

दीक्षाविधीचा काळा अध्याय

या दोषांतील सर्वांत गंभीर म्हणजे ज्याला अमेरिकेत 'हेझिंग' म्हणतात तो छळ. आपल्याकडील रॅगिंगशी त्याचे साम्य उघड आहे, परंतु एक महत्त्वाचा फरकही आहे. रॅगिंग होते ते नव्याने दाखल झालेल्या कोणाचेही, त्याची इच्छा असो वा नसो. हेझिंग मात्र सदस्यत्व मागणाऱ्या उमेदवाराचे होते. तो स्वतःहून आलेला असतो, त्याला आत जायचे असते आणि दार उघडेपर्यंत जे सांगितले जाईल ते करण्याची त्याची तयारी असते. संघांचे वकील वर्षानुवर्षे 'संमती होती' असा बचाव करत आले तो याच आधारावर. अनेक राज्यांच्या कायद्यांनी आता हा बचाव अमान्य केला आहे. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली केला आणि २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. अमेरिकेत मात्र संपूर्ण देशाला लागू होणारा कायदा येण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

बंधुसंघाच्या दीक्षाविधीतील पहिला ज्ञात मृत्यू कॉर्नेल विद्यापीठात १८७३ साली झाला. कप्पा अल्फा सोसायटीचा उमेदवार मॉर्टिमर लेगेट अंधारात खोल घळीत कोसळला. डीकेईवर ही वेळ १८९२ च्या जूनमध्ये आली आणि तीही मूळच्या येल शाखेत. विल्किन्स रस्टिन या विद्यार्थ्याला डोळ्यांवर पट्टी बांधून रस्त्याने धावण्यास सांगण्यात आले. धावताना तो एका घोडागाडीच्या दांड्यावर आदळला आणि काही दिवसांनी मरण पावला. एका खेळकर रात्रीचा असा शेवट झाल्याने वृत्तपत्रांनी त्या काळीही टीकेची झोड उठवली होती. डोळ्यांवरची पट्टी मात्र राहिली. एकशे अठरा वर्षांनी त्याच विद्यापीठात, त्याच संघाच्या उमेदवारांच्या डोळ्यांवर ती पुन्हा दिसली.

त्याआधीचा एक प्रसंग एका उमद्या तरुणाच्या नावामुळे लक्षात राहिला. १९६७ च्या शरदात 'येल डेली न्यूज' या विद्यार्थी दैनिकाने वृत्त दिले की, डीकेईच्या उमेदवारांच्या पाठीच्या खालच्या भागावर तापलेल्या तारेने डेल्टा अक्षराचा त्रिकोणी डाग दिला जातो. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या वृत्ताचा पाठपुरावा केला तेव्हा शाखेचा माजी अध्यक्ष असलेल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ही जखम सिगारेटच्या चटक्याहून अधिक नसते, असे सांगून प्रकरण हलके करण्याचा प्रयत्न केला. तो विद्यार्थी म्हणजे जॉर्ज डब्ल्यू. बुश. पुढे २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पत्रकारांनी हे जुने कात्रण शोधून काढले. 'डून्सबरी' या चित्रमालिकेचे जनक गॅरी ट्रूडो हे त्या वेळी येलमध्ये शिकत होते आणि विद्यार्थी दैनिकासाठी त्यांनी काढलेल्या आरंभीच्या चित्रांत या डागण्यांच्या प्रकरणाचाही समावेश होता. राष्ट्राध्यक्षाचे आणि त्याच्या सर्वांत बोचऱ्या व्यंगचित्रकाराचे सार्वजनिक जीवन असे एकाच घटनेतून सुरू झाले.

तोवर येलमधील बंधुसंघांचे वैभव ओसरू लागले होते. एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून १९३३ मध्ये निवासी महाविद्यालये उघडली आणि प्रत्येक विद्यार्थ्याला भोजनगृह, ग्रंथालय व सोबत विद्यापीठाकडूनच मिळू लागली. १९६९ साली येलने पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थिनींना प्रथम प्रवेश दिला. व्हिएतनाम युद्धविरोधी चळवळीच्या त्या वर्षांत ब्लेझर घालून गुप्त शपथा घेणे तरुणांना हास्यास्पद वाटू लागले होते. संघांना नवी उभारी मिळाली ती पुढील दशकांत आणि तिची दोन कारणे सांगता येतात. १९७८ चा 'ॲनिमल हाउस' हा चित्रपट प्रचंड गाजला आणि दारूत न्हालेले, बेबंद बंधुसंघ हे तरुणांचे नवे आकर्षण ठरले. दुसरे कारण कायद्यातून आले. १९८४ च्या केंद्रीय कायद्याच्या दबावाने सर्व राज्यांत मद्यपानाचे किमान वय २१ झाले. पदवीचे बहुतेक विद्यार्थी त्याहून लहान. मद्यालयाचे दार बंद झाल्यावर त्यांना दारू मिळण्याचे हुकमी ठिकाण उरले ते बंधुसंघाचे खासगी घर, आणि तेथे कोणाला आत घ्यायचे हे ठरवणारे होते संघाचे पुरुष सदस्य. विद्यापीठांच्या सामाजिक जीवनावर या संघांची जी पकड बसली तिचे मूळ ग्रीक अक्षरांपेक्षा या दारात अधिक आहे.

१३ ऑक्टोबर २०१०

त्या रात्री डीकेईच्या येल शाखेने आपल्या उमेदवारांना डोळ्यांवर पट्ट्या बांधून ओल्ड कॅम्पस या भागातून रांगेने चालवले. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे याच चौकात आहेत. चालताना उमेदवारांकडून घोषणा वदवून घेण्यात आल्या. स्त्रीचा नकार म्हणजे होकारच, असा त्यांचा आशय होता आणि पुढील शब्द येथे देण्याजोगे नाहीत. या प्रकाराचे चित्रण काही तासांत सर्वत्र पसरले. शाखेने दुसऱ्याच दिवशी माफी मागितली, हा गंभीर निर्णयदोष होता अशी कबुली दिली आणि विद्यार्थिनींबरोबर झालेल्या चर्चेत भाग घेतला. बहुतेकांना वाटले की प्रकरण येथेच मिटेल.

ते मिटले नाही, कारण ते पहिले नव्हते. २००८ मध्ये दुसऱ्या एका बंधुसंघाच्या उमेदवारांनी येलच्या महिला केंद्रासमोर स्त्रियांविषयी अश्लाघ्य मजकुराचा फलक धरून छायाचित्र काढून घेतले होते. अशा घटनांची आणि लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी विद्यापीठाने कशा हाताळल्या याची जंत्री करून येलच्या सोळा आजी-माजी विद्यार्थ्यांनी मार्च २०११ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार दाखल केली. तिचा आधार होता 'टायटल नाइन' या नावाने ओळखला जाणारा १९७२ चा कायदा. केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेदास हा कायदा मनाई करतो. विद्यार्थिनींना शिक्षणासाठी प्रतिकूल ठरेल असे वातावरण येलने खपवून घेतले, असे तक्रारदारांचे म्हणणे होते. कार्यालयाने चौकशी सुरू केली. त्यानंतर काही दिवसांतच, ४ एप्रिल २०११ रोजी, शिक्षण विभागाने देशातील सर्व विद्यापीठांना लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी कशा हाताळाव्यात याचे सविस्तर पत्र पाठवले. पुढील संपूर्ण दशक या पत्रावरून वाद झडत राहिले.

१७ मे २०११ रोजी येलने डीकेईच्या शाखेला पाच वर्षे आवारात कोणताही उपक्रम करण्यास किंवा विद्यापीठाचे नाव वापरण्यास बंदी केली. काही सदस्यांवर व्यक्तिशः शिस्तभंगाची कारवाईही झाली. संघटनेच्या राष्ट्रीय कार्यालयाला ही शिक्षा अतिरेकी वाटली. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या काही पुरस्कर्त्यांनीही येलवर टीका केली. त्यांचा युक्तिवाद असा की, घोषणा कितीही किळसवाण्या असल्या तरी त्या शब्दच आहेत आणि आवडीच्या व नावडीच्या अशा सर्व मतांना वाव देण्याचे वचन येलने १९७४ च्या वुडवर्ड समितीच्या अहवालाद्वारे स्वतःच दिले आहे. या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. परंतु रात्रीच्या वेळी वसतिगृहाच्या खिडक्यांखाली, नवागत विद्यार्थिनींना ऐकू जाईल अशा रीतीने दिलेल्या घोषणा आणि सभेत मांडलेले मत या दोहोंना एका मापाने मोजता येते काय, हा प्रश्न त्या युक्तिवादाने बाजूलाच ठेवला. नागरी हक्क कार्यालयाने जून २०१२ मध्ये येलशी स्वेच्छा करार करून प्रकरण बंद केले. कायद्याचे उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष त्यात नोंदवलेला नाही. मात्र येलने तक्रार निवारणाची यंत्रणा बदलण्याचे मान्य केले.

बंदीचा प्रत्यक्ष परिणाम किती झाला, हा वेगळा मुद्दा आहे. येलचे बंधुसंघ विद्यापीठाच्या जागेत नसतात. त्यांची घरे आवाराबाहेर खासगी मालकीच्या इमारतींत असतात आणि तेथे विद्यापीठाचा अंमल चालत नाही. पाच वर्षांच्या काळात संघ आवारातून नाहीसा झाला, पण विद्यार्थ्यांच्या जीवनातून नाही. २०१६ मध्ये बंदीची मुदत संपली.

त्याच ऑक्टोबरमध्ये, म्हणजे २०१० साली, कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या डीकेई शाखेतील छळाचे चित्रण तेथील विद्यार्थी वृत्तपत्राने उघड केले. त्या शाखेची मान्यता २०११ च्या आरंभी पाच वर्षांसाठी काढून घेण्यात आली. लुइझियाना राज्य विद्यापीठातील शाखा राष्ट्रीय संघटनेने जानेवारी २०१९ मध्ये स्वतःच बंद केली. पुढील महिन्यात तिच्या नऊ सदस्यांना अटक झाली. उमेदवारांना फुटलेल्या काचांवर झोपवणे, त्यांच्यावर पेट्रोल ओतणे असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. विशेष म्हणजे याच विद्यापीठात सप्टेंबर २०१७ मध्ये दुसऱ्या एका बंधुसंघाच्या विधीत अतिमद्यपानाची सक्ती झाल्याने एका प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता आणि २०१८ मध्ये राज्याने त्याच्या नावाने कडक कायदाही केला होता.

न्यायमूर्ती, न्यायालय आणि दाराचा प्रश्न

२०१८ च्या आरंभी येल शाखेच्या सदस्यांविरुद्ध विद्यार्थिनींनी केलेल्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांची वृत्ते प्रसिद्ध झाली आणि विद्यापीठाने संघाच्या वातावरणाची चौकशी सुरू केली. ती चालू असतानाच सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पदासाठी ब्रेट कॅव्हॅनॉ यांच्या नियुक्तीवरून वादळ उठले. १९८७ चे येलचे पदवीधर असलेले कॅव्हॅनॉ हे डीकेईचे सदस्य होते. त्यांच्या शालेय आणि महाविद्यालयीन काळातील वर्तनाविषयी झालेले आरोप त्यांनी ठामपणे फेटाळले. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी सिनेटने ५० विरुद्ध ४८ मतांनी त्यांची नियुक्ती मंजूर केली. या सुनावणीच्या निमित्ताने १९८० च्या दशकातील डीकेईचे जुने छायाचित्र, जुन्या मेजवान्या आणि जुनी सदस्ययादी देशभरातील वृत्तपत्रांत झळकली. एका विद्यार्थी संघाची चर्चा राष्ट्रीय राजकारणाचा भाग बनण्याची ही पहिली वेळ नसली तरी इतकी कटू चर्चा पूर्वी झाली नव्हती.

येलची चौकशी जानेवारी २०१९ मध्ये संपली. येल महाविद्यालयाचे अधिष्ठाता मार्विन चुन यांनी मेजवान्यांविषयी समोर आलेल्या संस्कृतीचा निषेध केला आणि अशा ठिकाणी जाऊच नका, असा साधा सल्ला विद्यार्थ्यांना दिला. शाखेवर नवी बंदी मात्र आली नाही. विद्यापीठाशी औपचारिक संबंधच नसलेल्या संघाला शिक्षा कशी करावी, ही अडचण पुन्हा पुढे आली. हा सल्ला अनेक विद्यार्थिनींना अपुरा वाटला.

त्यांपैकी तिघींनी फेब्रुवारी २०१९ मध्ये येल आणि तेथील नऊ बंधुसंघांविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दावा दाखल केला. त्यांची मागणी अनेकांना चकित करणारी होती. संघ बंद करा, असे त्या म्हणत नव्हत्या, तर आम्हालाही सदस्य करून घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. घर पुरुषांच्या ताब्यात, दारू त्यांची, दारावरचा निवाडा त्यांचा आणि पुढे नोकरीव्यवसायात उपयोगी पडणारा माजी सदस्यांचा गोतावळाही त्यांचाच. या रचनेतच अत्याचाराला वाव मिळतो, असा दाव्याचा आशय होता. येथे पुन्हा 'टायटल नाइन'चा प्रश्न आला. या कायद्यातून सामाजिक स्वरूपाच्या बंधुसंघांना आणि सोरॉरिटींना सदस्यत्वापुरती सूट देणारी दुरुस्ती १९७४ मध्येच झालेली आहे. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने दाव्याचा मोठा भाग फेटाळून लावला. हार्वर्ड विद्यापीठाने केवळ पुरुषांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या संस्थांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांवर निर्बंध घालण्याचा मार्ग २०१६ मध्ये स्वीकारला होता. २०२० मध्ये तोही कायदेशीर कारणांनी मागे घ्यावा लागला.

या काळात हेझिंगविरोधी कायदा राज्याराज्यांत कडक होत गेला. चाळिसांहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत, पण त्यांतील व्याख्या आणि शिक्षा एकसारख्या नाहीत. या विषयाचा दीर्घकाळ मागोवा घेणारे हँक न्यूअर यांच्या नोंदीनुसार १९५९ ते २०२१ या काळात अमेरिकेत दर वर्षी हेझिंगमुळे किमान एक मृत्यू झाला. मृतांच्या पालकांनी संघटित होऊन केलेल्या पाठपुराव्यानंतर काँग्रेसने संमत केलेल्या 'स्टॉप कॅम्पस हेझिंग' कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये स्वाक्षरी केली. विद्यापीठांनी हेझिंगच्या घटनांची आकडेवारी आपल्या वार्षिक सुरक्षा अहवालात द्यावी, प्रतिबंधाचे शिक्षण द्यावे आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावे, घटनेचे वर्णन व केलेली शिक्षा यांचा अहवाल सर्वांसाठी खुला ठेवावा, अशा तरतुदी त्यात आहेत. आपल्या मुलाला ज्या संघात जायचे आहे त्याचा पूर्वेतिहास पालकांना यामुळे घरबसल्या पाहता येईल, अशी अपेक्षा आहे.

आकडेवारीसाठी या कायद्याने संघटनेची व्याख्या व्यापक ठेवली असून विद्यापीठाने मान्यता न दिलेले संघही तीत येतात. दोषी संघटनांची नावे जाहीर करण्याची सक्ती मात्र विद्यापीठाने स्थापन केलेल्या किंवा मान्यता दिलेल्या संघटनांपुरतीच आहे. आवाराबाहेर, खासगी घरात, विद्यापीठाच्या मान्यतेविना चालणारे संघ या यादीबाहेर राहू शकतात.